सहावा रकाना

गुरुवारी सकाळी मी वही उघडली ती केवळ सवयीने. सात महिने मी ती रोज उघडते आहे आणि सात महिने तिच्यात एकच नोंद आहे, तीही माझीच, वर 'उदाहरणार्थ' असं लिहून केलेली, खोटी. वहीचं नाव 'थोडक्यात टळलं'. आमच्या तीस खाटांच्या हॉस्पिटलात जी चूक होता होता राहिली, किंवा झाली पण निभावून गेली, ती जिच्या हातून झाली तिनं स्वतः या वहीत लिहायची, म्हणजे तीच चूक दुसरीच्या हातून व्हायला नको, अशी कल्पना. माझी नव्हे, मुंबईच्या एका शिबिरातून मी ती शिकून आले. रकाने मात्र मीच पट्टीनं आखले, सहा: तारीख, खाट, काय झालं, का झालं, मग काय केलं, आणि रुग्णावर काय परिणाम झाला. गुरुवारी त्या वहीत निळ्या शाईचं एक भरलेलं पान होतं. मला आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. खांद्यावरची पर्स न काढता मी उभ्यानंच वाचायला लागले. गेल्या सप्टेंबरची एकोणीस तारीख आणि चार नंबरची खाट दिसली तेव्हा खुर्ची ओढून बसले. त्या तारखेला चार नंबरच्या खाटेवर माझा नवरा होता.

अक्षर हर्षलाचं. हर्षला आमच्याकडे तीन वर्षं सिस्टर आहे. माहेर कुंभिवलीचं, सासर कडावचं, हात हलका, बोलणं कमी. तिनं लिहिलं होतं, 'आबाजी हे पेशंट चार नंबरला होते. दुपारनंतर ते पाचला गेले व दुसरे पेशंट चारला आले. ट्रेमधल्या चिठ्ठीवर चार असंच राहिलं. संध्याकाळी साडेसहाचं आबाजींचं इन्सुलिन चार नंबरच्या पेशंटला दिलं गेलं.' पुढे, 'का झालं' या रकान्यात: 'केसपेपर हातात घेऊन पेशंटचं नाव आणि औषध मोठ्याने वाचायचा नियम आहे. मी केसपेपर घेतला नाही. त्यावरचं, म्हणजे चारला आलेल्या पेशंटचं, नाव माझ्या सासऱ्यांचंही आहे. अंबामावशी शेजारी उभ्या होत्या. काका, हात द्या, एवढंच मी म्हणाले आणि काकांनी हात दिला.' त्यापुढे: 'नऊ वाजता डॉक्टरांनी साखर तपासली, कमी होती. सलाईनमधून साखर दिली. पेशंट बरे झाले. मी कोणाला सांगितलं नाही.' सहावा रकाना कोरा होता.

आणि तो कोरा राहणार हे उघड होतं, कारण त्या संध्याकाळी चार नंबरच्या खाटेवर काय झालं हे एकाच माणसाला नीट माहीत होतं, आणि ते माणूस पर्स मांडीवर घेऊन वही वाचत बसलं होतं. अर्धवट नोंद शनिवारच्या बैठकीत वाचायची नाही, हा नियम माझाच. लिहिणारीला कोणी एक शब्द बोलणार नाही, मीसुद्धा नाही, हे वचनही माझंच. जानेवारीत सगळ्या स्टाफसमोर उभं राहून दिलेलं. तेव्हा अंबाबाई, म्हणजे आमच्या वॉर्डातली जुनी मावशी, म्हणाली होती, "मंग वाचणार कोन?" मी म्हटलं, "मी." तर ती म्हणाली, "त्येच तर." सगळ्या हसल्या होत्या. आता हर्षलाला मी एक वाकडा शब्द बोलले, नुसती तोंड फिरवून पुढे गेले, तरी ही वही मिटली. पुन्हा कोणीही तिला हात लावणार नाही. आणि मी बोलले नाही, रकाना भरला, तर माझ्याजवळची एक गोष्ट जाणार होती. ती गोष्ट काय, हे अकरा महिन्यांत मी फक्त माझ्या मुलीला, ईशानीला, सांगितलं आहे, तेही अर्धंच.

मला राग आला होता. तो नीट कोणावर हे कळायला दुपार झाली. सकाळभर मी वॉर्डात फिरले, कुंभिवलीच्या कारखान्यातल्या एकाचं चेचलेलं बोट पाहिलं, माथेरानच्या एका घोडेवाल्याच्या मोडलेल्या हाताच्या झोळीची गाठ सैल झाली होती ती पुन्हा बांधली. हर्षला पलीकडच्या ओळीत होती. तिनं वर पाहिलं नाही आणि मीही पाहिलं नाही. पण ती पाहत नाही आहे हे मला पूर्ण वेळ कळत होतं, आणि तिलाही कळत असणार. खिडकीबाहेर भाताचा हिरवा रंग डोळ्यांना लागत होता. हे हॉस्पिटल इथं उभं राहिलं तेव्हापासून मी आहे, आता मेट्रन म्हणून, कर्जतहून चौकच्या रस्त्यानं रोज येते. बावीस वर्षांत मला वाटतं मी या बायकांना ओळखते. वाटतं म्हणायचं.

या बायकांनी कामं तडीस न्यावीत म्हणून मी काय काय केलं नाही. नियम सांगितला की पंधरा दिवस सगळं छान चालतं, सोळाव्या दिवशी जैसे थे. मग मी 'महिन्याची परिचारिका' काढली, फोटो चौकटीत घालून भिंतीवर लावायला घेतला. कोणी फोटोच देईना. शेवटी अंबाबाईनं समजावलं की भिंतीवर चौकटीत माणूस कधी जातं ते तुमाला ठावं नाय का मॅडम, पोरी भितात. मग हात धुतल्यावर प्रत्येकीनं बरणीत एक चिंचोका टाकायचा अशी युक्ती केली. पहिल्या आठवड्यात बरणी अर्धी, दुसऱ्यात एका दिवसात काठोकाठ. अंबाबाईनं घरून ओंजळभर चिंचोके आणून ओतले होते, मॅडमना बरं वाटावं म्हणून. मी तिला खूप बोलले आणि घरी जाऊन ह्यांना सांगितलं. ते गणिताचे मास्तर होते, शशिकांत मास्तर म्हणून अर्ध्या कर्जतला माहीत. त्यांनी पेपर खाली केला, म्हणाले, "मोजायची वस्तू ठेवलीस की माणसं ती वस्तूच भरणार," आणि पेपर वर केला. दिवसाला एवढं बोलले तरी मी धन्य. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला नावानं हाक मारली ती मोजून सांगता येईल. वाईट माणूस नव्हता. भांडला नाही, हात उगारला नाही, भाजी आळणी झाली तरी खाल्ली. पण मला कधीकधी वाटायचं, मी या माणसाला आवडते का, हे याला विचारलं तर हा आधी फळा पुसेल.

आणि तो नाव मोठ्याने वाचायचा नियम. तो तर माझा लाडका. मी टेबलाशी पेन्सिल घेऊन बसायचे आणि नाव कानावर आलं की रेघ मारायचे. हर्षलाच्या नावापुढे, तिच्या लग्नानंतर, नेहमी कमी रेघा. ती पुटपुटायची, नाहीतर 'काका', 'मामा', 'आजी' म्हणून वेळ मारून न्यायची. एकदा सगळ्यांसमोर मी तिला म्हटलं, "तोंडात काय धरलंयस गं?" तिनं अंबाबाईकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. ते पाहणं मी पाहिलं होतं. पण त्याचा अर्थ मी लावला तो आळशीपणाचा. सासऱ्याचं, दिराचं, नवऱ्याचं नाव सून तोंडावर आणत नाही, पेशंटचं तेच असलं तरी, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? माझी आई जन्मभर आमच्या आजोबांच्या नावाचा महिनासुद्धा आडवळणानं सांगायची. पण ते आईचं, जुनं. शिकलेल्या, इंजेक्शनं देणाऱ्या, फोनवर बोट फिरवणाऱ्या मुलीचं ते असेल असं माझ्या मनात आलं नाही. आणि असं असेल का, हे मी विचारलंही नाही. मी रेघा मारत बसले.

ती संध्याकाळ आता सांगायला हवी. ह्यांना न्यूमोनिया झाला होता, तिसरा दिवस होता, ताप उतरला होता पण दोन दिवस पोटात अन्नाचा कण नव्हता. मी ड्यूटी संपवून त्यांच्या खाटेशी बसले होते, साडी बदलून, बायको म्हणून. साडेसहाला हर्षलानं सुई दिली ती मला दिसली. सुया दिवसातून चारदा देतात, मी कशाला लक्ष देऊ. साडेसातच्या सुमाराला हे बोलायला लागले. "चारू," म्हणाले, "पाय दुखतोय का गं?" मी चपापले. मग म्हणाले, माथेरानला आपण दस्तुरीपासून चालत गेलो होतो आणि तुझ्या चपलेचा अंगठा तुटला. खरंच तुटला होता. लग्नाला दोन महिने झाले होते, मी नवी चप्पल घालून गेले होते आणि तुटलेली चप्पल हातात घेऊन हे माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिले, वळून न बघता. मला तेव्हा रडू आलं होतं, मनात म्हटलं, कसल्या माणसाच्या पदरी पडले. आणि त्या संध्याकाळी ते सांगत होते, लाल मातीनं तुझी पावलं भरली होती, मला वाटलं खाली बसून पुसावीत, पण घोडेवाले बघत होते. म्हणून मी पुढे चाललो, म्हणाले, मागं बघितलं असतं तर बसलोच असतो. हे सगळं हसत, माझा हात धरून. जवळपास दीड तास. मीही हसत होते. मी त्यांना जुन्या गोष्टी आठवून देत होते, आणखी बोला म्हणून.

ईशानीला मी हे फोनवर किती वेळा सांगितलं असेल. पाच दिवसांनी ते घरी आले, पहिल्यासारखे गप्प झाले, आणि तीन आठवड्यांनी एका दुपारी हृदय बंद पडून गेले. त्या सुईचा आणि त्यांच्या जाण्याचा काही संबंध नाही. तो प्रश्न मी गुरुवारी सकाळी स्वतःला एकदा विचारला आणि नर्स म्हणून उत्तर दिलं. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण ते गेल्यावर मी कोणाच्या जिवावर राहिले, तर त्या दीड तासाच्या. एकतीस वर्षांची थकबाकी एका संध्याकाळी फिटली असं मी मानून चालले होते. आणि साखर कमी झाल्याचं मला माहीत नव्हतं असंही नाही! नऊला डॉक्टर आले, साखर बेचाळीस निघाली, सगळे म्हणाले दोन दिवस उपाशी आहेत म्हणून. माझ्या मनात मात्र बोलणं होतं साडेसात ते नऊ, आणि साखर उतरली ती नऊला, बोलून बोलून थकल्यावर. दोन्ही मी वेगवेगळ्या कपाटांत ठेवलं होतं. साडेसहाची सुई त्या नोंदीत आली, म्हणजे साखर साडेसातलाच उतरत होती, आणि कपाटं राहिली नाहीत. राग होता तो ह्याचा. सुई चुकीची दिली म्हणून नव्हे. तिनं मला ते सांगितलं म्हणून.

जेवणाच्या सुट्टीत डॉक्टर सिद्धांत डबा घेऊन माझ्या खोलीत आले. तरुण आहेत, आमच्या ट्रस्टचे मुख्य डॉक्टर, मला वचकून असतात आणि मी ते चालू देते. मी त्यांना भाजी वाढता वाढता विचारलं, "सर, साखर चाळीसवर आली की माणूस बोलतं ते खरं असतं का?" ते म्हणाले, "खरंही असतं, भलतंही असतं. बाहेरून ओळखता येत नाही. का हो मॅडम?" मी म्हटलं, "असंच." त्यांनी आणखी विचारलं नाही. शेवग्याची आमटी छान झालीय म्हणाले. मी हो म्हटलं, आणि मला आठवलं की त्या दीड तासात ह्यांनी आणखीही काही म्हटलं होतं. खडू दे म्हणाले होते. वर्गात पोरं थांबली आहेत, खडू दे, असं दोन-तीनदा. माझ्या हाताला त्यांचा तळवा गार लागला होता, कपाळ ओलं होतं, मी ते पदरानं टिपलं होतं. हे मी ईशानीला कधी सांगितलं नाही. स्वतःलाही बहुधा नाही. आणि आणखी एक. त्या दुपारी ह्यांना खिडकीचा वारा हवा होता म्हणून आबाजींना उठवून चार नंबरची खाट मीच मागून घेतली होती. अंबाबाईला म्हटलं, जरा बदल गं. फळ्यावरचा नंबर बदलला का, चिठ्ठी बदलली का, हे दुसऱ्या कोणाच्या नातेवाइकासाठी मी तीनदा विचारलं असतं. हर्षलानं लिहिलं होतं, 'दुसरे पेशंट चारला आले.' कोणाच्या सांगण्यावरून आले हे तिनं लिहिलं नव्हतं.

तीनला तिची ड्यूटी संपली आणि ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. मी बस म्हटलं तरी बसली नाही. वही टेबलावर उघडी होती. मी ठरवलं होतं की आपण आवाज बदलायचा नाही, आणि तो बदललाच. "इतक्या महिन्यांनी का लिहावंसं वाटलं?"

"परवा प्राचीनं केसपेपर न घेता सुई उचलली," ती म्हणाली. प्राची म्हणजे आमच्याकडची नवीन मुलगी, तीन महिने झाले. "मी हात धरला तिचा. तर म्हणते, ताई, तुमी पण तर घेत नाय. म्हणून लिवलं."

"सासऱ्यांचं नाव घेतलं असतंस तर ते रागावले असते?"

"ते कशाला रागावतील. त्यांना काय बी नाय त्याचं. पन अंबामावशी सासूबाईंची मावसबहीण लागते. घरी गेल्या गेल्या सांगितलं असतं. नवीन होते मी तवा, चारच महिने झाले होते लग्नाला." ती टेबलाच्या कडेवर नख ओढत होती. "नाव मनात घेतलं तरी चाललं असतं, मॅडम. पेपर हातात घ्यायला पायजे होता. ते नाव डोळ्यासमोर नको म्हणून मी पेपरच टाळायचे. काकांचा तीन दिवस टाळला."

बाहेर कोणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं, त्याचं एक चाक कधीपासून कुरकुरतं आहे, तेल घालायला मी चारदा सांगितलं आहे. मग ती म्हणाली, "शेवटचा रकाना मला भरता आला नाय. तुमी होता तिथं."

"तुला कधी कळलं? नऊला?"

तिनं मान हलवली. "आठला. आबाजी म्हणाले, माजी सुई राहिली गं पोरी. तवाच कळलं. मी धावत आले मॅडम, खरंच आले, पडद्यापर्यंत आले." तिचं नख टेबलाच्या कडेवर थांबलं. "तुमी हसत होता. काका तुमचा हात धरून काय तरी सांगत होते नि तुमी हसत होता. तुमाला तसं कधी बघितलं नव्हतं. मला आत यावंसं वाटलं नाय. म्हटलं, दोन मिनटं थांबू. नि मंग मला भ्याव वाटलं, नि मी गेलेच नाय."

म्हणजे पडद्याच्या त्या बाजूला ही उभी होती आणि या बाजूला मी. बावीस वर्षं वॉर्डात काढलेली नर्स, हातात गार तळवा, समोर ओलं कपाळ, कानात खडू दे. मला कळलं नव्हतं असं मी इतके दिवस म्हणत आले. तिच्याकडे पाहताना ते म्हणता येईना. घंटा माझ्या हाताशी होती. साडेआठला एकदा ती दाबायला मी हात उचललाही होता, आणि तेवढ्यात हे म्हणाले, मागं बघितलं असतं तर बसलोच असतो, आणि मी हात खाली घेतला. ते थांबू नये म्हणून. अर्धा तास. त्या अर्ध्या तासात काहीही होऊ शकलं असतं, हे मी कोणत्याही पोरीला झोपेत सांगेन. मला तिचा राग आता येत नव्हता, आणि येत नाही म्हणून फार एकटं वाटलं. मी म्हटलं, "बस हर्षला. पेन दे." या वेळी ती बसली.

चौथ्या रकान्यात, तिच्या अक्षराखाली, मी लिहिलं: 'खाट मेट्रनने स्वतःच्या सोयीसाठी बदलून घेतली. चिठ्ठी बदलली का हे पाहिले नाही. सिस्टर नाव का घेत नाही हे कधी विचारले नाही.' ते सोपं गेलं. मग सहाव्याशी आले. 'घाम, हात गार, साखर बेचाळीस,' असं लिहिलं. 'सुमारे दीड तास,' लिहिलं, आणि पुढचा शब्द कुठला हे मला माहीत होतं. केसपेपरवर हजार वेळा लिहिला आहे, हात आपोआप लिहितो. चपलेचा अंगठा, लाल माती, पाय पुसायचं राहिलेलं, सगळं त्या एका शब्दात बसतं आणि बाहेर काही उरत नाही. हर्षला माझ्या हाताकडे पाहत होती. मी लिहिलं: 'असंबद्ध बोलणे.' मग तिला वाटलं झालं म्हणून ती उठायला लागली, तर मी तिला थांब म्हटलं.

'रुग्णाजवळ पत्नी होती,' मी लिहिलं. 'ती नर्स आहे. लक्षणे तिला दिसली होती. तिने अर्धा तास डॉक्टरांना बोलावले नाही, कारण रुग्ण तिच्याशी बोलत होता.'

तिनं वाचलं. "हे शनिवारी समद्यांसमोर वाचणार?"

"पूर्ण झाली ना नोंद," मी म्हटलं, आणि सही केली.